हाकेला ओ

अपेक्षाने डबा बांधला. भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा आणि वर एक सोललेला कांदा. नवऱ्याला पोलिसांनी उचलून नेलं म्हणून त्याची भूक काही घरी राहत नाही. दुपारची एसटी तिने फाट्यावर पकडली आणि बाजाराला निघालेल्या बायांमध्ये जागा करून बसली. कंडक्टर ओळखीचा होता. त्याने हसून बोरमाळचं तिकीट दिलं, मग तिच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं आणि घाईघाईने पुढच्या सीटकडे वळला. त्या घरातून निघालेला डबा दिसला की पंचक्रोशीतल्या माणसांचं हल्ली असंच होई.

त्याला कारण होतं. अपेक्षाचं गाव सावरपाटी, हिवरखेडच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. जमीन काळीभोर, पीक जोमदार, आणि ते खायला डोंगरातून उतरणारी रानडुकरं त्याहून जोमदार. तिचे सासरे भगवंतराव यांनी फार पूर्वी पीक राखायला परवान्याची एकनळी बंदूक घेतली होती. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं, झेंडू वाहिला जायचा. म्हाताऱ्याचा एकच दंडक होता: आधी हाक, मग बार. दिवेलागणीनंतर तुरीत काही हललं की ‘कोन हाय गा?’ असं दोनदा खच्चून विचारायचं. माणूस असेल तर ‘मी होय’ म्हणून ओ देईल. डुकराला काही ओ देता येत नाही. हा दंडक पुढे साऱ्या गावानेच उचलला आणि इतक्या वर्षांत कोणाला ओरखडा उठला नाही. म्हातारा त्याच भरवशावर निवांत मेला. कानात गाणी कोंबून चालणारी पोरं पुढे येणार आहेत, हे त्या बिचाऱ्याला कुठून सुचावं!

नितेश हा त्यांचा थोरला, अपेक्षाचा नवरा. धाकटा स्वप्निल. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी स्वप्निल इअरफोन लावून, दादासाठी डबा घेऊन, आडवाटेने तुरीत शिरला. नितेशने दोनदा हाक मारली. शेजारच्या वावरातल्या शेषरावांनी दोन्ही हाका ऐकल्या, म्हणून तर गुन्हा खुनाचा न लागता हलगर्जीचा लागला आणि जामीन झाला. बंदूक मात्र जप्त होऊन ठाण्यात गेली. पोर जागच्या जागी गेलं. डब्याला छर्ऱ्यांची भोकं पडली होती आणि त्यातून वरण गळत होतं, हे नितेशने बायकोला एकदाच सांगितलं. त्यानंतर त्या घरात वरण शिजलं नाही.

यंदा तूर फुलावर आली आणि ते सुरू झालं.

पहिल्या दिवशी नितेश ओट्यावर चहा पीत बसला होता. सूर्य बुडून गेला होता. चुलींचा धूर गावावर खाली उतरला होता आणि त्या धुरातून तुरीच्या फुलांचा वास येत होता. कुत्रीसुद्धा गप्प होती. तेवढ्यात वावराकडून हाक आली...

‘कोन हाय गा?’

अपेक्षा दारात थबकली. आवाज नितेशचा होता. तोच घोगरा, शेवटाला वर चढणारा. आणि नितेश तर तिच्यासमोर बसला होता, तोंडाला कप लावून. पुन्हा हाक आली. मग बार. मग इतका वेळ काहीच नाही की दोघांनाही वाटलं, संपलं... आणि त्यानंतर, अगदी हळू, उशिरा दिलेली ओ.

‘मी होय दादा... डबा आनला...’

नितेशने कप नीट खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. आतल्या खोलीत त्याची आई, इंदूबाई, वाती वळत बसली होती. ती कानाने मंद. समोर उभं राहून ओरडलं तरच तिला कळायचं. तिला यातलं काही कधीच ऐकू आलं नाही, आणि अपेक्षा मनातल्या मनात त्या बहिरेपणाचे आभार मानायची.

ती ओ फक्त नवराबायकोला ऐकू येई. हाक आणि बार मात्र साऱ्या गावाला. रोज दिवेलागणीला, न चुकता. मग ग्रामसभा भरली. एक जण म्हणाला, सगळ्या बंदुका सरकारजमा करा, लेकरं तरी वाचतील. दुसरा म्हणाला, मग डुकरांना काय ओवाळायचं? तिसऱ्याने पोलिसांना शिव्या घातल्या, चौथ्याने नितेशला. भांडता भांडता अंधारून आलं, तुरीतून बार उडाला आणि सभा एकदम मुकी झाली. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती. बेकायदा हत्यारं शोधून काढा म्हणून वरून हुकूम सुटले होते. बोरमाळच्या ठाणेदारांना आयतं गाव मिळालं. त्यांनी घर उपसलं, कडब्याच्या गंजीत काठ्या खुपसल्या आणि काही सापडलं नाही म्हणून नितेशलाच गाडीत घातलं.

ठाण्यात साहेबांनी अपेक्षाला बसायला खुर्ची दिली. माणूस तिकडचा, पुण्याकडचा होता. बोलणं गोड.

‘ताई, दुसरी बंदूक कुठे आहे एवढंच सांगा. मी त्याला आत्ता सोडतो.’

‘सायेब, दुसरी हायेच नाही. एकच होती, थे तुमच्याच खोलीत हाय.’

‘मग रोज बार कोण उडवतं? भूत?’

अपेक्षा ‘हो’ म्हणणार होती. तिने जीभ चावली. सरकारी खोलीत तो शब्द बोललं की बाई वेडी ठरते, आणि वेड्या बाईच्या नवऱ्याला कोण सोडतं? ती येतानाच एक विचार करून आली होती. एसटीच्या खिडकीशी बसून तिने तो पुन्हा पुन्हा तपासून पाहिला होता आणि तिला तो पक्का वाटत होता.

‘सायेब, दिवेलागणीपर्यंत थांबा. माहे मालक तुमच्या कोठडीत हायेत. बंदूक तुमच्या कुलपात हाय. मी तुमच्यासमोर बसतो. शेषरावभाऊ आमच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, फोन घेऊन उभे राहतीन. तरी बार झाला, तं आमच्याकडून नाही झाला, हे तुमीच पाहा.’

साहेब हसले, पण तयार झाले. दिवस कलला तसं त्यांनी खुशालराव जमादारांना मुद्देमालाची खोली उघडायला लावली. आत गोणपाटाचा, उंदरांचा आणि जप्त केलेल्या दारूचा कुबट वास कोंडला होता. बंदूक कोपऱ्यात उभी होती. कापडात गुंडाळलेली, वरून सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील. समोरच कोठडी. नितेश गजांच्या पलीकडे भिंतीला टेकून बसला होता. अपेक्षाने आणलेली भाकरी त्याने नुसती मोडून ठेवली होती.

फोन टेबलावर ठेवला. शेषरावांचा आवाज येत होता.

‘अंधारून आलं, सायेब... कोनी नाही इथं... वारा बी नाही.’

थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास.

‘सायेब... तूर हालून राहिली...’

‘कोन हाय गा?’

फोनमधून हाक इतकी स्वच्छ आली की साहेबांनी झटकन कोठडीकडे वळून पाहिलं. नितेशचे ओठ मिटलेले होते. हात कानांवर. पुन्हा हाक आली. त्याचे ओठ मिटलेलेच. मग बार उडाला आणि त्याच क्षणी या खोलीतल्या कपाटाची काच थरथरली. कोंदट हवेत बारुदीचा ताजा वास पसरला. खुशालरावांनी न राहवून कापडावरून नळीला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे ओढला. लाखेचं सील जसंच्या तसं होतं.

त्यानंतर फोनमधून ती उशिराची ओ आली. अपेक्षाने मान खाली घालून ती ऐकली आणि मग साहेबांसमोर हात जोडले.

‘पायलं ना सायेब? आता तरी सोडा त्यायले.’

साहेबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी तो रुमालाने टिपला, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला. तेवढ्या वेळात त्यांनी स्वतःला सावरून घेतलं. बाईने डोळ्यांदेखत दाखवलेलं खरं मानायचं तर नोकरीतलं इतर काहीच खरं उरलं नसतं.

‘बार मी माझ्या कानांनी ऐकला,’ ते म्हणाले. ‘म्हणजे तुमच्या वावरात दुसरी बंदूक आहे, हे आता माझ्यासमोर सिद्ध झालं. आवाजाचं काय, मोबाईलवर रेकॉर्ड करता येतो.’

‘जमादारसायेब, तुमी हात लावला ना? सांगा ना यायले!’

खुशालरावांनी मूठ मिटली होती. बोटांच्या टोकांवर फोड उठत होते, ते तिला दिसले. ‘मी रिटायरमेंटले आलो, बाई,’ ते पुटपुटले आणि खोलीला कुलूप लावायला लागले.

तेव्हा कोठडीतून नितेश बोलला. दिवसभरात पहिल्यांदा.

‘मीच उडवला, सायेब.’

‘काय बोलून राहिले तुमी! इथं बसले होते ना!’ अपेक्षा गजांना धरून ओरडली.

‘आवाज माहाच हाय ना? मंग बार बी माहाच.’

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांना तुरीत एक देशी कट्टा सापडला. त्याचा घोडा गंजून जागीच चिकटला होता; त्यातून फटाकाही उडाला नसता. पण पेपरात फोटो छान आला. नितेश अकोल्याच्या कारागृहात गेला आणि शेषरावांसकट साऱ्या गावाने डोळे मिटून घेतले. अपेक्षाला इतका संताप आला होता की तिला रडूही फुटेना.

बार मात्र थांबला नाही. नितेश तुरुंगात आणि त्याची हाक वावरात. ओट्यावर एकटी बसून ऐकताना अपेक्षाच्या मनात आलं, ओ उशिरा येते म्हणून हे घडतं ना? मग कोणीतरी ती वेळेवर द्यायला हवी. दुसऱ्या संध्याकाळी तिने पणती, वात आणि तेलाची बाटली घेतली.

‘स्वप्निलभाऊजीच्या जागी दिवा लावून येतो, आई,’ तिने सासूच्या कानाशी ओरडून सांगितलं. खरं सांगण्यासारखं नव्हतंच.

‘लाव माय, लाव,’ इंदूबाई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

धुऱ्यावर पणती ठेवून ती उभी राहिली. तूर तिच्या डोक्याच्या वर गेली होती. आत काळोख आधीच जमला होता. हाक आली. अगदी जवळून, तुरीच्या चार ओळींपलीकडून.

‘कोन हाय गा?’

‘मी होय!’ ती किंचाळली. ‘मी होय, मी!’

काही नाही. रातकिडे, पणतीची तडतड. बार उडाला नाही. ती तिथेच मातीत बसली आणि पोटभर रडली.

मग ती रोज जाऊ लागली. गाव शांत झालं. पण अकोटच्या वकिलाने चष्मा पुसत तिला सांगितलं, ‘आता जामीन कठीण हाय, ताई. नितेश आत गेला आन् बार बंद झाले. सरकारी वकील एवढंच म्हननार, आमी बी काय बोलाव?’ इकडे गावाने ठाणेदारांचा शालश्रीफळ देऊन सत्कार ठेवला. साहेबांनी सार्वजनिक सुरक्षेवर भाषण केलं, पेढे वाटले गेले, आणि एक पेढा अपेक्षाच्याही हातावर पडला. नवऱ्याविरुद्धचा पुरावा ती रोज संध्याकाळी आपल्याच तोंडाने देत होती.

म्हणून एका संध्याकाळी तिने ठरवलं, आज ओ द्यायची नाही. बार उडू दे. साऱ्या गावाला ऐकू जाऊ दे. नितेश तुरुंगात असतानाही बार उडतो, हे त्या साहेबालाही कळू दे. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि धुऱ्याखाली ओणवी झाली. पहिली हाक आली. ती गप्प. दुसरी आली. ती गप्प. तुरीत बंदुकीचा घोडा मागे ओढल्याचा आवाज झाला, सुका, लहानसा...

आणि मग कधीच न आलेली तिसरी हाक आली. हळू. खच्चून नाही.

‘अपेक्षा... तूच हायेस ना?... बोल ना...’

नवऱ्याला सोडवायला आलेली बाई नवऱ्याच्या आवाजाला ओ न देता राहू शकली नाही. तिने बोळा काढून फेकला. ‘हो,’ ती म्हणाली. ‘मी होय.’ त्या दिवशीही बार उडाला नाही.

दुसऱ्या दिवशी तुरुंगातल्या भेटीची पाळी होती. अपेक्षा पहाटेच्या गाडीने अकोल्याला गेली. बाहेरचा डबा आत घेत नाहीत हे ठाऊक असूनही तिने भाकरी आणि तिळाची चटणी बांधून नेली होती. रिकाम्या हाताने जाणं जमत नव्हतं. जाळीपलीकडे नितेश आला. गाल बसलेले. आवाज पार बसलेला, रानात ओरडून आलेल्या माणसासारखा. सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली होती आणि उजव्या खांद्याच्या खोबणीत एक मोठा डाग दिसत होता. मधे काळानिळा, कडेने पिवळा पडत चाललेला.

‘मारलं का कोनी?’

‘नाही.’ त्याने सदरा ओढून घेतला. ‘बंदुकीचा धक्का बसते ना इथं. आता कमी हाय. तू ओ द्याले लागली तवापासून.’

तिने जाळीत बोटं अडकवली. तो जाळीजवळ आला.

‘काल तू उशीर केला, अपेक्षा... घोडा वढला होता म्या...’

‘आयका ना, तुमी तिथं...’

‘मले काही दिसत नाही तिथं. नुसती तूर हालते. रोज येत जाय. वक्तावर ओ देत जाय.’ तो रडत होता. ‘ओ नाही आली, तं माह्याच्यानं थांबवल्या जात नाही...’

परतीची एसटी अकोटच्या पुढे येईपर्यंत वेळेत होती. मग वळणावर थांबली. नाकाबंदी. निवडणुकीची. सगळ्यांना खाली उतरवलं, पिशव्या रस्त्याच्या कडेला मांडायला लावल्या. अपेक्षाने हात जोडले, घरी जायचंय म्हणाली. ‘साऱ्यायलेच जायचं हाय, बाई. तुमच्याच सुरक्षेसाठी चाललं हे,’ शिपाई म्हणाला. तोही दिवसभर उन्हात उभा होता, त्याचाही काही इलाज नव्हता. सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला. अपेक्षाने घरच्या मोबाईलवर फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर इंदूबाईने उचलला.

‘अपेक्षा? तू आली नाही म्हून मीच निंगाली दिवा लावाले. त्याची जागा अंधारात काहून ठेवाव?’

‘आई, मांगं फिरा! वावरात जाऊ नका!’

‘काय म्हंतेस? आयकू नाही येत.’

‘हाक आली की ओ द्या! नुसतं मी होय म्हना! आई!’

‘मोठ्यानं बोल वो... पोहोचलीच मी. तूर केवढी वाढली माय...’

‘कोन हाय गा?’ फोनमध्ये हाक आली.

‘मी होय!’ अपेक्षा रस्त्यात उभी राहून ओरडली. ‘मी होय, अपेक्षा होय! आई, फोन कानावरून काढा, वर धरा!’ पिशव्यांपाशी वाकलेली माणसं वळून बघू लागली.

‘कोन हाय गा?’

‘मी होय! मी होय!’

‘काही आयकू येत नाही, बाप्पा,’ इंदूबाई स्वतःशीच म्हणाली. ‘आंधी दिवा लावतो, मंग बोलतो...’

बार उडाला.

मग फोनमध्ये खूप वेळ काही नव्हतं. अपेक्षा तो कानाला लावून उभी होती. मग स्वप्निलची ती उशिराची ओ आली. आणि तिच्यामागून दुसरी. शांत, स्वच्छ, सगळं नीट ऐकू आलेल्या माणसाच्या आवाजात.

‘मी होय रे नितेश... दिवा आनला...’

शिपायाने तिची पिशवी तिच्यापुढे ठेवली. ‘काही नाही सापडलं, जा,’ तो म्हणाला आणि हात पँटला पुसू लागला. ‘आन् डबा बदला, बाई. गळून राहिला.’

डब्यात सकाळची सुकी भाकरी आणि चटणी होती. अपेक्षाने खाली पाहिलं. डब्याच्या बुडातून पिवळं, कोमट वरण थेंबथेंब तिच्या पायावर पडत होतं.